यादी घरातच राहू द्या : वर्गणीदारांचे ईमेल पत्ते एआयच्या मदतीने कसे साफ करावेत

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की छोट्या प्रकाशकांचे, वाचनालयांचे फोन येऊ लागतात आणि बोलणं बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबतं. "ईमेलची यादी पार बिघडली आहे. कितीतरी मेल परत येतात. एआयमध्ये टाकून साफ करून घेऊ का?"

ही यादी म्हणजे वर्षानुवर्षं वाढत गेलेली एक्सेलची फाईल. तिच्यात नाव, घरचा पत्ता, मोबाईल, ईमेल, पैसे भरल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात कुणीतरी आठवणीसाठी लिहिलेलं "आजारी असतात, अंक मुलीकडे पाठवणे". असली ओळ वाचली की लोकांनी आपल्यावर किती विश्वास टाकला आहे ते कळतं. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे : एआयची मदत जरूर घ्या, पण यादी त्याच्या हाती देऊ नका. साफसफाईचे नियम त्याच्याकडून लिहून घ्या आणि ते आपल्या संगणकावर आपण चालवा. पाच-सात हजार ओळींची यादी असेल तर निवांतपणे केलं तरी दोन दिवसांत हे काम उरकतं.

यादी बाहेर का जाऊ द्यायची नाही

चॅटच्या व्यक्तिगत खात्यांत आपण लिहिलेला मजकूर पुढची मॉडेलं शिकवण्यासाठी वापरला जाऊ शकतो. ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते, पण ती आपण शोधावी लागते. काही सेवांमध्ये संभाषणांचे नमुने माणसं वाचतात. कार्यालयीन खात्यांचे आणि एपीआयचे (प्रोग्राममधून थेट मॉडेलला जोडण्याच्या सोयीचे) करार वेगळे असतात. तिथे मजकूर सहसा शिकवणीसाठी घेत नाहीत. म्हणून कुठलंही साधन उघडण्याआधी आपलं खातं कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा.

कायद्याची बाजूही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तिथून १८ महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारा, म्हणजे इथे प्रकाशक, तिच्या सुरक्षिततेला जबाबदार असतो. दुसऱ्याकडून ती हाताळून घ्यायची तर वैध करार लागतो. वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. जर्मनी-नेदरलँड्समधल्या मराठी वाचकांना तुम्ही वर्गणी विकत असाल, तर २५ मे २०१८ पासून लागू असलेला युरोपचा जीडीपीआरही बघावा लागतो.

दुसरं कारण माझ्या अनुभवातलं. सुरुवातीला मी पूर्ण काल्पनिक पत्त्यांची यादी बनवून एका चॅट साधनाला साफ करायला दिली होती. परत आलेली फाईल दिसायला सुरेख होती. पण 'याहू डॉट को डॉट इन'चे सगळे पत्ते तिने 'याहू डॉट कॉम' करून टाकले होते आणि मधल्या काही ओळी गायब होत्या. ही दोन्ही डोमेन, म्हणजे पत्त्यातले @ नंतरचे भाग, खरी आहेत, म्हणजे चांगले चालू पत्ते तिने बिघडवले होते. भाषेचं मॉडेल पुढचा संभाव्य शब्द लिहितं. लांबलचक यादी जशीच्या तशी उतरवून काढणं हे त्याचं बलस्थान नव्हे.

आणि एक गोष्ट इथेच सांगतो. एआयची भीती बाळगणाऱ्या कितीतरी कार्यालयांत हीच फाईल व्हॉट्सॲपच्या गटावर फिरत असते. आधी ते थांबवा.

मूळ प्रत आणि ओळीचा क्रमांक

मूळ फाईलची प्रत काढा, नावात तारीख घाला, ती 'फक्त वाचण्यासाठी' करा आणि पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. तिला यापुढे हात लावायचा नाही.

कामाच्या प्रतीत अगदी डावीकडे नवा रकाना घाला आणि प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या. सूत्राने आलेला क्रमांक नको, कारण ओळी वरखाली केल्या की तो बदलतो. आकडे म्हणूनच चिकटवा. पुढे काहीही बिघडलं तरी या क्रमांकावरून मूळ ओळ सापडते. एकूण ओळी किती ते कागदावर लिहून ठेवा.

यादी सीएसव्ही फाईल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाईल) असेल तर ती दोनदा टिचकी मारून उघडू नका. तशी उघडली की मराठी नावांच्या जागी विचित्र खुणा येतात आणि ९१ने सुरू होणारे मोबाईल क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतात. एक्सेलच्या डेटा मेनूतून फाईल आत घ्या, 'फाईल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे युनिकोड यूटीएफ-८, निवडा आणि मोबाईल-पिनकोडचे रकाने 'टेक्स्ट' करा. तारखांवरही नजर हवी : ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे, हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं.

साफसफाईला न लागणारे रकाने कामाच्या प्रतीतून काढून टाका. घरचा पत्ता, मोबाईल, टिपा यांची इथे गरज नाही. क्रमांक, नाव, ईमेल, संमतीची तारीख आणि स्थिती एवढं पुरतं.

एआयकडून नियम कसे घ्यायचे

एआयला तुमच्या रकान्यांची नावं सांगा आणि पाच-सहा बनावट ओळी द्या. त्या ओळींत 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे डोमेन वापरा; ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. बनावट ओळींत खऱ्या यादीतली सगळी दुखणी मुद्दाम घाला : पुढेमागे मोकळी जागा, मोठी अक्षरं, एकाच चौकटीत दोन पत्ते, शेवटी स्वल्पविराम, पत्त्याच्या जागी "नाही". मग एक्सेलची सूत्रं किंवा पायथन या संगणक-भाषेतला छोटा प्रोग्राम मागा.

मागताना अटी स्पष्ट लिहा. मूळ रकाना जसाच्या तसा राहू दे, सुधारलेला पत्ता शेजारच्या नव्या रकान्यात येऊ दे, कारण तिसऱ्या रकान्यात लिही, एकही ओळ खोडू नकोस, नवी फाईल बनव आणि इंटरनेटला अजिबात जोडू नकोस. प्रोग्राम आला की आधी बनावट ओळींवर चालवा, मग वायफाय बंद करून खऱ्या यादीवर.

इथे एक फसगत होते. एक्सेल किंवा गूगल शीट्सच्या बाजूच्या पट्टीत बसलेला एआय सहायक त्या शीटमधली माहिती वाचू शकतो. चॅटमध्ये फाईल चढवून "तूच प्रोग्राम चालव" म्हणणं हाही यादी देण्याचाच प्रकार. कामाची फाईल उघडी असताना या सोयी बंद असू द्या.

न दिसणारा कचरा

व्हॉट्सॲपवरून किंवा वेब पानावरून उचललेल्या पत्त्यांत डोळ्यांना न दिसणारी अक्षरं येतात. एक्सेलचं 'ट्रिम' साधी मोकळी जागा काढतं, पण अक्षर-संकेतातली १६० क्रमांकाची न तुटणारी जागा त्याला दिसत नाही. 'क्लीन' फक्त पहिली ३२ नियंत्रण-चिन्हं काढतं. ८२०३ क्रमांकाचं शून्य रुंदीचं अक्षर दोघांच्याही हातून निसटतं. त्यामुळे 'सब्स्टिट्यूट' वापरून ही दोन्ही वेगळी काढावी लागतात. एआयकडून सूत्र घेताना हे क्रमांक आवर्जून सांगा, नाहीतर तो नुसतं 'ट्रिम' लिहून देतो.

पण ही झाडू फक्त ईमेलच्या रकान्यावर फिरवा. मराठी नावांत शून्य रुंदीचं जोडअक्षर-चिन्ह कामाचं असतं. 'कुऱ्हाडे', 'गोऱ्हे' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो, आणि त्यांतल्या एका तऱ्हेत हे चिन्ह वापरतात. ते सरसकट काढलं की कुऱ्हाडेंचे 'कुर्हाडे' होतात. आपल्याच अंकाकडून असं चुकीचं आडनाव आलेलं वर्गणीदाराला खुपतं. 'ॲ' आणि 'अॅ' यांचंही तसंच : दिसतात सारखे, संगणकाला वेगळे. तेव्हा आधी सगळी नावं एकाच लेखनपद्धतीवर आणा, मग तुलना करा.

जुन्या याद्यांत श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली नावं सापडतात. फाँट बदलला की ती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतात. अशी नावं एआयला वाचायला देऊ नका. तो अंदाजाने एखादं शोभेलसं मराठी नाव लिहून देईल आणि ते चुकीचं आहे हे कळणारही नाही. त्या फाँटसाठी बनवलेला परिवर्तक वापरा आणि मग माणसाने एकदा वाचून काढा.

डोमेनची युक्ती

टंकनदोष शोधण्यात एआय खरोखर तरबेज आहे, आणि त्यासाठी त्याला एकाही माणसाची ओळख लागत नाही. ईमेलमधला @ चिन्हाच्या पुढचा भाग वेगळ्या रकान्यात काढा आणि पिव्होट टेबलने (एक्सेलमधली मोजणीची सोय) प्रत्येक डोमेन किती वेळा आलं ते मोजा. हजारो ओळींची यादी बरीच लहान होते. त्यातून एकदाच आलेली खासगी डोमेन, आडनावावरून किंवा छोट्या दुकानाच्या नावावरून घेतलेली, आधी बाजूला काढा. तीही माणूस ओळखू देतात. उरलेली यादी खुशाल द्या. माझी विनंती साधारण अशी असते :

"खाली ईमेल डोमेनची नावं आणि त्यांची संख्या आहे. तीन गट कर : नक्की टंकनदोष, कदाचित टंकनदोष, खरं डोमेन. पहिल्या दोन गटांत सुचवलेलं डोमेन आणि कारण लिही. खात्री नसेल तिथे 'माहीत नाही' लिही. याहू डॉट को डॉट इन, रेडिफमेल, वायमेल, रॉकेटमेल ही खरी डोमेन आहेत, त्यांना हात लावू नकोस. एकही नाव गाळू नकोस."

उत्तरात किती नावं परत आली ते स्वतः मोजा. एआयने सांगितलेल्या संख्येवर विसंबू नका. gmail मधली a आणि i ही अक्षरं उलटसुलट झालेली, 'कॉम'च्या जागी 'कॉन' किंवा नुसतं 'को' पडलेली डोमेन पहिल्या गटात येतील. ती मंजूर केली की बदलांचा तक्ता तयार होतो. तो 'एक्सलूकअप' या एक्सेलच्या शोधून जुळवणाऱ्या सूत्राने यादीला लावा.

मात्र सुधारलेला पत्ता म्हणजे संमती असलेला पत्ता नव्हे. तुमचा अंदाज चुकला तर तो मेल तिसऱ्याच माणसाला जाईल. अशा प्रत्येक पत्त्यावर आधी एकच पुष्टीचा मेल पाठवा, आणि दुवा दाबला गेला तरच त्याला यादीत घ्या. चुकीच्या स्पेलिंगच्या काही डोमेनवर स्पॅम पकडणाऱ्यांनी सापळे लावलेले असतात, म्हणून न सुधारलेला पत्ता "असू दे" म्हणून ठेवणंही महाग पडतं.

शंकेच्या डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्याचे मेल कुठल्या सर्व्हरकडे जातात ती नोंद, तपासा. एनएसलूकअप ही आज्ञा संगणकात आधीपासून असते. डोमेन मेल स्वीकारतं की नाही एवढं तिच्यातून कळतं. व्हीएसएनएलच्या काळातले पत्ते अजून याद्यांत भेटतात, त्यांच्यासाठी ही तपासणी हवीच. रेकॉर्ड सापडलं म्हणून त्या माणसाची पेटी जिवंत आहे असं मात्र नाही. पत्ते तपासून देणाऱ्या सशुल्क सेवा आहेत, पण त्यांच्याकडेही पूर्ण यादी जाते, तेव्हा कराराशिवाय नको.

दुबार नोंदी

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीला होतं.

तुलनेसाठी एक 'चावी' रकाना बनवा : पत्ता लहान अक्षरांत, मोकळी जागा काढून. जीमेल नावातले बिंदू मोजत नाही आणि अधिक चिन्हापुढचा भाग सोडून देतं, म्हणून जीमेलच्या पत्त्यांच्या चावीत ते काढा. इतर डोमेनना हा नियम लावू नका. तिथे बिंदू असलेला आणि नसलेला पत्ता दोन वेगळ्या माणसांचे असू शकतात. आणि मेल पाठवताना चावी नव्हे, वर्गणीदाराने दिलेला पत्ताच वापरा.

चावी जुळली म्हणजे ओळ दुबार, असंही नाही. आपल्याकडे एका ईमेलवर अख्खं घर चालतं. सासरे आणि सून यांची वर्गणी वेगळी, अंक वेगळे, ईमेल मुलाचा. पाठवायच्या यादीत पत्ता एकदाच येऊ द्या, पण वर्गणीच्या नोंदी एकत्र करू नका.

खरोखर दुबार असतील तर दोन नियम कडक पाळा. एका नोंदीत 'अनसबस्क्राइब' असेल आणि दुसरीत नसेल, तर अनसबस्क्राइब जिंकतं. त्यानंतरच्या तारखेला त्याने स्वतः पुन्हा नोंदणी केल्याचा पुरावा असेल तरच अपवाद. आणि संमती कधी, कुठून घेतली ही माहिती कधीही पुसायची नाही. नको म्हणणाऱ्यांची यादी वेगळी आणि कायम ठेवा. साफसफाईच्या नावाखाली ती खोडली, तर पुढच्या वर्षी जुन्या फाईलमधून तेच पत्ते परत येतात.

नावं

मराठी नावांच्या तऱ्हा अनेक. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे 'श्री. व सौ.'. रोमनमध्ये लिहिलेल्या ज्ञानेश्वरचं स्पेलिंग तर तीन-चार तऱ्हांनी होतं. मदत हवीच असेल तर फक्त पहिल्या नावांचा रकाना घ्या, दुबार काढा, अकारविल्हे लावा आणि तेवढाच द्या. ईमेल, आडनाव आणि ओळीचा क्रमांक यांपासून तुटलेली 'अनिल, अनिता, अपर्णा' ही यादी कुणाचीच ओळख सांगत नाही. एआयबाहेरचा पर्यायही उत्तम आहे : ओपनरिफाइन हा मोफत प्रोग्राम आपल्याच संगणकावर चालतो आणि 'क्लस्टर'च्या सोयीने सारखी दिसणारी नावं एकत्र दाखवतो. नावांसाठी मी बहुतेक वेळा तोच वापरतो. जुळवायचं की नाही ते प्रत्येक वेळी मी ठरवतो.

नावापुढे 'कै.' असलेल्या ओळी आधी शोधा. कुणीतरी दुःखाची बातमी कळल्यावर प्रामाणिकपणे ती नोंद केली, पण ईमेल तसाच राहिला. पदव्या काढून टाकणाऱ्या नियमात 'श्री.', 'सौ.', 'प्रा.' यांच्याबरोबर 'कै.' पण उडतं आणि मग त्या घरी "नमस्कार, वर्गणी संपत आली आहे" असा मेल जातो. या ओळी हाताने वेगळ्या करा.

नावाच्या चौकटीत वेबचा दुवा किंवा लांबलचक वाक्य असेल तर ती नोंद बहुधा बॉटची, म्हणजे आपोआप अर्ज भरणाऱ्या प्रोग्रामची आहे. बरोबर (=), अधिक (+), उणे (-) किंवा @ या चिन्हाने सुरू होणारा मजकूर एक्सेल सूत्र समजून चालवू शकतं. आणि एखाद्या चौकटीत एआयलाच उद्देशून आज्ञा लिहिलेली असू शकते. परक्यांनी भरलेली माहिती आंधळेपणाने मॉडेलला न देण्याचं हे आणखी एक कारण.

टिपांचा रकाना वाचून वर्गवारी करायचीच असेल, तर ओलामा किंवा एलएम स्टुडिओ वापरून मॉडेल आपल्याच संगणकावर चालवा. नावापुढे 'क्लाउड' लिहिलेलं मॉडेल घेऊ नका, आणि इंटरनेट बंद केल्यावरही उत्तर येतंय ना ते पाहा.

तपासणी आणि पाठवणी

आता कागदावरचा आकडा काढा. ठेवलेल्या, सुधारलेल्या, पुष्टीसाठी थांबवलेल्या आणि बाद ओळींची बेरीज मूळ संख्येएवढी आलीच पाहिजे. एकचा फरक असेल तरी शोधा. मग बदललेल्या ओळींतल्या शंभर, कुठल्याही, एक माणूस जुना आणि नवा पत्ता शेजारी ठेवून वाचेल. जमलं तर नियम लिहिणारा आणि वाचणारा वेगळे असू द्या.

परत आलेल्या मेलमध्ये ५५० किंवा ५.१.१ असा संकेत आणि पत्ता अस्तित्वात नसल्याचा मजकूर असेल तर पत्ता लगेच काढा. ४ने सुरू होणारा संकेत तात्पुरत्या अडचणीचा असतो, त्याला पुन्हा संधी द्या. दोन वर्षं न वापरलेली व्यक्तिगत खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून काढायला सुरुवात केली आहे, त्यामुळे जुने जीमेल पत्तेही मेलेले निघतात.

"मेल उघडला नाही" म्हणून कुणाला काढू नका. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणल्यापासून, ती वापरणाऱ्यांच्या बाबतीत उघडल्याची नोंद भरवशाची राहिलेली नाही. मेल न वाचताही तो उघडल्याचं दिसतं. उलट, चित्रं बंद ठेवून (त्यामुळे उघडल्याची नोंदच होत नाही) प्रत्येक ओळ वाचणारे ज्येष्ठ वाचक मला माहीत आहेत. वर्गणी भरणारा माणूस शांत असला तरी वाचक आहे. ज्यांनी वर्गणीही भरली नाही आणि दोन वर्षांत एकदाही दुवा दाबला नाही, त्यांनाच "मेल सुरू ठेवू का?" असं एकदा विचारा.

पहिला मेल सगळ्यांना एकदम नको. वर्गणी चालू असलेल्यांना आधी, मग तुकड्यांनी. शंभरात दोनपेक्षा जास्त परत आले तर मी थांबतो आणि कारण शोधतो. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे हजारामागे तीन तक्रारीही जास्त. एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय द्या आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणा.

काम झालं की मधल्या प्रती पुसा : डाउनलोड्समधल्या, कचरापेटीतल्या, ईमेलला जोडलेल्या, सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरच्या. मूळ प्रत काही महिने कुलूपबंद ठेवा आणि ती पुसायची तारीख आजच कॅलेंडरमध्ये घाला. कोणता नियम कधी लावला आणि किती ओळी बदलल्या, याची एक पानाची नोंद मात्र राहू द्या.

मग नोंदणीच्या अर्जाकडे वळा. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव यांच्या चौकटी वेगळ्या करा, मधली ऐच्छिक ठेवा. संमतीच्या चौकटीत आधीपासून बरोबरची खूण (टिक) केलेली नको. पत्ता भरला की पुष्टीचा मेल लगेच जाऊ द्या, आणि दुवा दाबला जाईपर्यंत ती ओळ मुख्य यादीत येऊ देऊ नका. पुस्तक प्रदर्शनात कागदावर नावं घेत असाल तर ईमेलसाठी एकेका अक्षराची चौकट छापा, आणि समोरच्याने लिहिलेला पत्ता तिथेच मोठ्याने वाचून दाखवा.